साईडकार जोडल्यापासून बुलेट अनोळखी झाली आहे : डाव्या वळणाची भीती कशी घालवावी?

मालगुंडकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी गेली ३४ वर्षे दुचाकी चालवीत आहे आणि त्यांतली शेवटची १२ वर्षे माझ्याकडे ३५० सीसीची बुलेट आहे. हे सांगण्यात बढाई नाही. पुढचे गाऱ्हाणे नवशिक्याचे नाही एवढे ध्यानात यावे म्हणून सांगतो, कारण सध्या माझी अवस्था नवशिक्याहूनही वाईट आहे.

गेल्या वर्षी पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. तिचे चालणे-फिरणे उत्तम आहे, परंतु बुलेटच्या मागच्या सीटवर पाय टाकून चढणे तिला जमत नाही आणि डॉक्टरांनीही ते करू नका म्हणून सांगितले आहे. मोटार घ्यावी, तर आमच्या घराकडे येणारी वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून येते आणि तिची रुंदी जेमतेम साडेपाच फूट आहे. गडगा मागे घ्यायचा म्हटले की भाऊबंदकीचा विषय निघतो, आणि तो विषय मी या जन्मात काढणार नाही. साईडकार, म्हणजे बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, लावूनही बुलेट पाच फुटांच्या आत बसते, असे मोजून पाहिल्यावर गेल्या महिन्यात घाटावरच्या एका कारखान्यात साईडकार जोडून घेतली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून ती अर्थातच डाव्या अंगाला आहे.

गाडी घरी आणताना मी एकटाच होतो, म्हणजे साईडकार रिकामी होती. आंबा घाट उतरताना एका डाव्या वळणावर मी नेहमीप्रमाणे शरीर डावीकडे कलवले आणि डावी मूठ हलकेच पुढे दाबली. गाडी डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला जाऊ लागली. घाबरून मी हँडल डावीकडे ओढले, तर साईडकारचे चाक जमीन सोडून हातभर वर आले. समोरच्या एसटीच्या चालकाने परिस्थिती ओळखून गाडी जागीच थांबवली, म्हणून आज हे लिहितो आहे. त्यानंतर उरलेला घाट मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे ट्रकांची रांग घेऊन उतरलो.

आता रोजचा अनुभव असा आहे. गॅस वाढवला की गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे. याशिवाय सपाट, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगातही ती थोडी डावीकडे जातच राहते, त्यामुळे हँडल सतत उजवीकडे धरून ठेवावे लागते आणि रत्नागिरीपर्यंत जाऊन आलो की खांदे भरून येतात. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटर आहे. हा रस्ता मी डोळे मिटून चालवीन असे म्हणत असे, तो आता मला परका वाटतो. थांबताना डावा पाय आपोआप खाली जातो, हा आणखी एक त्रास. पत्नी तोंडाने काही म्हणत नाही, परंतु वारे गावाकडच्या उतारावर साईडकारची दांडी दोन्ही हातांनी धरून बसते, ते मला दिसते.

माझा प्रश्न असा आहे की, यातला कोणता दोष गाडीच्या जोडणीत आहे, कोणता तीन चाकांच्या स्वभावात आहे आणि कोणता माझ्यात आहे? पुतण्याचे म्हणणे, ओहोटीच्या वेळी पुळ्याच्या वाळूवर सराव करावा. तो सल्ला योग्य आहे का?

सड्यावरचा (देवगड) यांचे उत्तर

मालगुंडकर, मी नऊ वर्षे साईडकार चालवतो आहे आणि त्याआधी तंत्रनिकेतनात यंत्र विषय शिकवत होतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

गॅस वाढवल्यावर डावीकडे आणि ब्रेक लावल्यावर उजवीकडे जाणे हा दोष नाही. बुलेटचे इंजिन केवळ बुलेटच्या मागच्या चाकाला ढकलते. साईडकार बाजूला असते, तिला स्वतःचा जोर नसतो आणि ती मागे राहू पाहते, म्हणून गाडीचे नाक तिच्याकडे, म्हणजे डावीकडे वळते. ब्रेक लावल्यावर उलट होते. बुलेट थांबू पाहते, पण साईडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर तिचे वजन पुढे जातच राहते आणि ते गाडीला उजवीकडे फिरवते. साईडकारच्या चाकाला ब्रेक बसवून घेतला तर ही ओढ बरीच कमी होते. तो खर्च टाळू नये, कारण घाटात उजवीकडे ओढले जाणे म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेच आहे.

सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात डावीकडे जाणे मात्र जोडणीचा दोष आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी आंबा घाटातल्या प्रसंगाविषयी, कारण सारे मर्म तिथे आहे.

दुचाकीवर चाळीस-पन्नासच्या वेगात डावीकडे वळताना आपण क्षणभर हँडल उजवीकडे फिरवतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. डावी मूठ पुढे दाबली की चाक उजवीकडे वळते, गाडी डावीकडे कलते आणि मग ती डावीकडे वळते. ३४ वर्षांत तुमच्या हातांना हे इतके मुरले आहे की त्याला तुम्ही 'शरीर कलवणे' म्हणता. साईडकार जोडल्यावर गाडी कलूच शकत नाही. आता डावी मूठ दाबली तर चाक उजवीकडे वळते आणि गाडीही उजवीकडेच जाते. म्हणजे तुमच्या हातांनी त्या दिवशी काहीही चूक केली नाही. त्यांनी दुचाकी उत्तम चालवली, फक्त खाली दुचाकी नव्हती. यापुढे डावीकडे जायचे असेल तर डावी मूठ स्वतःकडे ओढायची आणि उजवी पुढे ढकलायची, लहानपणी तीनचाकी सायकल वळवत होतो तशी. म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी मोटरसायकल चालवलेली नाही, तो माणूस साईडकार आपल्यापेक्षा लवकर शिकतो. हे ऐकायला अपमानकारक वाटते, पण खरे आहे.

दुसरी गोष्ट चाक उचलण्याची. डाव्या वळणावर सारे वजन बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकते आणि गाडी बुलेटच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटू पाहते. तिला रोखून धरणारे एकच वजन असते, ते साईडकारचे. ढोबळ हिशेब करून पाहू. बुलेट १९० किलो, तुम्ही ७५ किलो, रिकामी साईडकार ७५ किलो, साईडकारचा गुरुत्वमध्य बुलेटच्या रेषेपासून पाऊण मीटर डावीकडे आणि साऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच, असे धरले, तर २० मीटर त्रिज्येच्या सपाट डाव्या वळणावर ताशी सुमारे २६ किलोमीटरला चाक उचलू लागते. साईडकारमध्ये ३० किलोची रेती ठेवली तर हाच आकडा ३० वर जातो, आणि ६० किलोचे माणूस बसले तर ३३ वर. तुमच्या गाडीची खरी मापे वेगळी असतील, शिवाय वळणावर खड्डा किंवा उंचवटा लागला की चाक याहून कमी वेगातही उडते. परंतु रिकामी साईडकार घेऊन घाट उतरणे किती नाजूक काम होते, ते यावरून कळेल. कारखानदाराने एखादे पोते टाकून दिले नाही, हा मला अक्षम्य हलगर्जीपणा वाटतो.

तेव्हा एकटे असाल त्या दिवशी साईडकारमध्ये २५ ते ३० किलोची रेतीची पिशवी, चाकाच्या आसाजवळ आणि शक्य तितकी बाहेरच्या बाजूला, दोरीने घट्ट बांधून ठेवावी. आमच्याकडे एकाने जांभ्याचा चिरा ठेवला होता. वजन चांगले होते, पण पहिल्याच खड्ड्याला तो सरकला आणि पत्रा फोडून बाहेर आला. रेती बरी.

वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात नव्हे. डाव्या वळणात शिरल्यावर हलका गॅस द्यावा, कारण गॅसमुळे होणारी डावीकडची ओढ तुम्हाला वळायला मदत करते. उजव्या वळणात गॅस सोडावा, म्हणजे साईडकार पुढे रेटते आणि गाडी आपोआप उजवीकडे फिरते. ज्या ओढीविषयी तुमची तक्रार आहे, तीच हाताशी धरून गाडी वळवायची, हा या वाहनाचा सगळा डाव आहे. उजव्या वळणावर चाक उचलत नाही म्हणून तिथे निर्धास्त राहू नये. तिथे वजन साईडकारच्या नाकावर येते आणि मागचे चाक हलके होते. अशा वेळी पुढचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी साईडकारच्या नाकावरून उलटू शकते. ही वेळ फार क्वचित येते, पण आली तर चाक उचलण्यासारखी आधी सूचना देत नाही.

वाळूवर सराव करू नये. वाळूत पुढचे चाक रुतते, हँडल जड होते आणि जे शिकाल ते डांबरावर उपयोगी पडत नाही. खारे पाणी नळ्यांच्या सांध्यांत शिरते ते वेगळेच. तुमच्या वरच्या अंगाला कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, असेलच. आता गवत वाळू लागले आहे, तेव्हा गुरे नसतील अशी सपाट जागा पाहून आधी गाडी ढकलत दगड-खळगे पाहून घ्यावेत. पहिले तीन-चार दिवस रेती ठेवून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मोठे आठ काढावेत. हात शांत झाले की रेती काढून, हेल्मेट घालून, सोबत एक माणूस उभा करून, पहिल्या गिअरमध्ये डावीकडे गोल फिरत वेग अगदी थोडा थोडा वाढवावा, जोवर साईडकारचे चाक वीतभर उचलत नाही. ते उचलले की हँडल किंचित उजवीकडे सोडावे आणि गॅस कमी करावा. चाक खाली येते. हे वीस-पंचवीस वेळा मुद्दाम करावे. घाटात तुम्ही घाबरलात, कारण चाक उचलणे तुम्हाला पहिल्यांदाच आणि न विचारता भेटले. चाक हवेत असेपर्यंत गाडी पुन्हा दुचाकी असते आणि जुने नियम चालू होतात, चाक टेकले की परत तीन चाकांचे. हा बदल सड्यावर अंगवळणी पडायला हवा.

परशुराम घाटाचा रिक्षावाला (चिपळूण) यांचे उत्तर

काका, नमस्कार. मी साईडकार कधी चालवलेली नाही, परंतु १९ वर्षे हँडलची रिक्षा चालवतो आणि देवगडच्या सरांनी जे लिहिले त्यातले बरेचसे आम्ही न शिकता शिकलो. सरांचे म्हणणे खरे आहे. आमच्या स्टँडवर जे मोटरसायकलवरून रिक्षावर येतात ते पहिला आठवडा वळणावर रस्ता सोडतात, आणि बैलगाडी चालवलेली पोरे सोडत नाहीत.

मला सांगायचे आहे ते रस्त्याविषयी. मोटरसायकल खड्डा चुकवते, कारण तिचा माग एकच असतो. रिक्षाचे तीन माग असतात, त्यामुळे पुढचे चाक चुकले तर मागचे सापडते. तुमचे दोन माग आहेत, एक बुलेटचा आणि एक डावीकडच्या चाकाचा. खड्डा त्या दोघांच्या मधून काढायची सवय लावा. तुम्ही अजून मोटरसायकलसारखे खड्ड्याच्या उजवीकडून जात असणार आणि साईडकारचे चाक बरोबर खड्ड्यात पडत असणार. काकूंनी दांडी घट्ट धरण्याचे कारण वळणापेक्षा हे असेल, विचारून पाहा.

पावसाळा संपल्यावर डांबराची कड पाहायची. पाण्याने कडेची माती वाहून गेलेली असते आणि डांबर संपते तिथे चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मोटरसायकलवाला समोरून ट्रक आला की कडेला सरकतो. तुम्ही तसे सरकलात तर तिसरे चाक पायरीवरून खाली जाईल आणि गाडी डावीकडे ओढली जाईल. डावा अंदाज पक्का होईपर्यंत साईडकारच्या डाव्या मडगार्डवर एक उभी काठी बांधा आणि तिच्या टोकाला लाल चिंधी लावा. लोक हसतील, हसू द्यावे. रात्रीसाठी साईडकारच्या डाव्या कोपऱ्यावर पुढे एक छोटा दिवा आणि मागे लाल दिवा असायलाच हवा, कारण बुलेटचा एकच दिवा पाहून समोरचा माणूस तुम्हाला दुचाकी समजतो आणि तेवढीच जागा सोडतो.

साचलेल्या पाण्यातून जाताना एक चाक पाण्यात आणि दोन कोरड्यात असतील तर गाडी पाण्याच्या बाजूला खेचते. रिक्षालाही हे होते. वेग आधीच कमी केलेला असला तर काही होत नाही.

आणखी एक. घाटात वळण आले की आम्ही बसलेल्यांना आतल्या बाजूला सरकायला सांगतो. तुम्ही स्वतः डाव्या वळणावर कमरेतून साईडकारच्या बाजूला झुका. दुचाकीवर झुकणे आणि हे झुकणे वेगळे आहे. हँडल झुकवायचे नाही, वजन तेवढे न्यायचे. आमच्या अनुभवात अंगाचे वजनही उपयोगी पडते.

मालगुंडकर

आपणा दोघांचे आभार. पत्नीला विचारले. रिक्षावाले दादा म्हणतात तेच खरे निघाले: तिला वळणाची नव्हे, खड्ड्यांची धास्ती आहे. "तुम्ही तुमचे चाक वाचवता आणि माझे खड्ड्यात घालता," असे ती म्हणाली, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोन शंका राहतात. सरळ रस्त्यावर डावीकडे ओढण्याविषयी मी कारखान्यात फोन केला, तेव्हा 'नजरेने बरोबर बसवले आहे, चालवून चालवून सवय होईल' असे उत्तर मिळाले. ही जोडणी घरी मोजता येते का? आणि थांबताना पाय टेकण्याची सवय मोडण्याचा काही उपाय आहे का? परवा गणपतीपुळ्याच्या चौकात डावा पाय खाली गेला आणि टाच साईडकारच्या खालच्या नळीला आपटली. बूट होता म्हणून निभावले.

तिसरे चाक (कुडाळ) यांचे उत्तर

काका, माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे आणि माझ्या स्कूटरला दोन्ही बाजूंना जादा चाके बसवलेली आहेत, म्हणजे मोजायला गेले तर माझी गाडी चार चाकांची आहे. तरीही न कलणाऱ्या गाडीचे बरेच नियम आपल्याला सारखेच लागू होतात, म्हणून लिहिते.

पायाच्या सवयीकडे थट्टेने पाहू नका. गाडी पुढे सरकत असताना पाय खाली गेला तर तो नळीच्या किंवा चाकाच्या पुढे सापडतो आणि गाडीच तुमच्या पायावरून जाते. मला चालवायला शिकवणाऱ्या मावशींनी सांगितलेला उपाय साधा होता: गाडी पूर्ण थांबल्यावर तोंडाने 'थांबली' असे म्हणायचे आणि तोपर्यंत दोन्ही पाय उचलायचे नाहीत. डावा गिअरवर, उजवा ब्रेकवर. पहिले काही दिवस वेड्यासारखे वाटते. मला दोन आठवड्यांत म्हणायची गरज उरली नाही.

गाडी उतारावर लावताना ती पडत नाही म्हणून आपण निश्चिंत होतो, पण ती घरंगळते. पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवावा. ठोकळा साईडकारमध्येच बांधून ठेवला तर शोधावा लागत नाही. तसेच मागे जायला गिअर नाही हे लक्षात घेऊन, जिथून पुढेच निघता येईल अशा ठिकाणीच गाडी लावावी. काकूंना उतरवून एवढे वजन चढावर मागे ढकलणे हा वयाला शोभणारा व्यायाम नव्हे.

कागदपत्रांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटरसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यात दुचाकीला जोडलेली, काढता येणारी, एका जादा चाकाची साईडकार धरलेली आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचे तीन चाकांचे वाहन मोटरसायकलच राहते आणि तुमचा परवाना चालतो. परंतु त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही, तेव्हा साईडकारची नोंद आरटीओत करून घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. माझ्या गाडीच्या वेळी हे आधी केले नव्हते आणि नंतर तीन खेपा पडल्या.

काकू हेल्मेट घालतात का? जुन्या कलम १२९ मध्ये साईडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटची सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती सूट राहिली नाही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या तुमच्याहून खाली, जमिनीच्या जवळ आणि रस्त्याच्या कडेला बसतात. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी पहिल्यांदा त्यांच्याकडे येते. पुढे काच असलेले हेल्मेट घ्यावे. गुडघ्यांसाठी आत चढताना धरायला एक उभी दांडी आणि बाहेर ठेवायला वीतभर उंचीची पायरी करून घेतली तर बरे.

सड्यावरचा (देवगड)

ताईंनी पायाविषयी लिहिले ते मी लिहायला हवे होते.

आता मोजणी. 'नजरेने बसवले' हे उत्तर ऐकून मला राग आला, पण असो. घरी मोजता येते आणि त्यासाठी सुताराकडच्या दोन सरळ, सात-आठ फुटी फळ्या आणि गवंड्याचा ओळंबा एवढेच साहित्य लागते. अंगणातली सपाट जागा घ्यावी. चाकांत हवा योग्य भरावी, हँडल सरळ करावे, साईडकारमध्ये नेहमी असते तेवढे वजन ठेवावे आणि बुलेटवर तुम्ही बसावे. मोजायचे काम दुसऱ्याने करावे. एक फळी बुलेटच्या दोन्ही चाकांना लागून आणि दुसरी साईडकारच्या चाकाला लागून, जमिनीपासून थोडी वर ठेवावी. बुलेटचे पुढचे टायर मागच्यापेक्षा अरुंद असते, तेव्हा तिथे दोन्ही रुंदींतल्या फरकाच्या निम्म्या जाडीची पट्टी घालावी. मग दोन्ही फळ्यांमधले अंतर पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा साधारण १० ते २५ मिलिमीटर कमी हवे, म्हणजे साईडकारचे चाक किंचित बुलेटकडे पाहत असले पाहिजे. हा फरक फार मोठा असेल तर टायर घासत चालते आणि महिन्याभरात त्याची नक्षी जाते.

त्यानंतर ओळंबा. बुलेट अगदी सरळ उभी नसावी. ती साईडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे एक ते दोन अंश कललेली असावी. अर्धा मीटर उंचीला एक अंश म्हणजे ९ मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्या रस्त्यांचा मध्य उंच आणि कडा उतरत्या असतात, पाणी वाहून जावे म्हणून. त्या उतारामुळे डावीकडे चालणारी गाडी आधीच डावीकडे ओढली जाते आणि हा एक-दोन अंशांचा कल ती ओढ फेडतो. माझा कयास असा आहे की तुमची बुलेट सरळ उभी आहे, किंवा त्याहून वाईट, साईडकारच्या बाजूला झुकलेली आहे. वरच्या दोन नळ्यांच्या टोकांना आटे असतात, ते फिरवून हा कल बदलता येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल केला की सारे पुन्हा मोजावे, कारण एक हलवले की दुसरे हलते.

हे जमले तरी हँडल मोटरसायकलपेक्षा जडच राहणार, ते मात्र मान्य करावे लागेल. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, दुचाकीच्या मापाने बनवलेला आहे. तो बदलता येतो, पण ते काम पुढच्या वर्षी पाहा. दर आठवड्याला चाकांच्या तारा हाताने वाजवून पाहाव्यात, कारण कलणाऱ्या गाडीच्या चाकावर आडवा ताण येत नाही आणि आता तो येतो. तारा सैल झाल्या की तुटतात. जोडाचे चारही बोल्ट खाऱ्या हवेत गंजतात, तेव्हा त्यांना ग्रीस लावून ठेवावे.

मालगुंडकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

मोजणी केली. पुढच्या-मागच्या अंतरांत ४१ मिलिमीटरचा फरक निघाला आणि बुलेट साईडकारकडे जवळपास एक अंश झुकलेली होती. गावातल्या वेल्डरला सोबत घेऊन दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. पहिल्या संध्याकाळी सरांची 'एका वेळी एकच गोष्ट' ही सूचना न पाळल्याने जास्तच बिघडवून ठेवले. आता फरक १८ मिलिमीटर आहे, कल उजवीकडे दीड अंशाच्या आसपास आहे आणि गाडी सरळ रस्त्यावर एका हातानेही सरळ चालते. चालवतो मात्र दोन्ही हातांनीच.

सड्यावर नऊ दिवस गेलो. चौथ्या दिवसापर्यंत डावी मूठ दाबण्याची उर्मी येतच होती. पाचव्या दिवशी ती आली आणि हातांनी ऐकली नाही, हे मला स्पष्ट जाणवले. चाक उचलण्याचा सराव पुतण्याला उभे करून केला. पहिल्यांदा वीतभर उचलले तेव्हा पोटात गोळा आला, पंधराव्या वेळी हसू आले. पत्नीने सड्यावर येऊन हा प्रकार पाहिला आणि 'मी आत असताना हे करायचे नाही' एवढीच अट घातली. लाल चिंधीची काठी अजून आहे. वाडीतल्या मुलांनी तिच्यावर पताका बांधली.

खड्डे मधून काढणे जमू लागले आहे आणि काकूंनी, म्हणजे आमच्या हिने, दांडी सोडली आहे. आता ती उजव्या हाताने पुढचा खड्डा दाखवते, तेही मी पाहिल्यानंतर. 'थांबली' हा शब्द मी अजून म्हणतो. परवा रत्नागिरीत सिग्नलला तो जरा मोठ्याने निघाला आणि शेजारचा स्कूटरवाला दचकला.

नोंदणीचा अर्ज दिला आहे. हेल्मेट घेतले. गेल्या रविवारी एका खाडीवर फेरीबोटीत चढलो, तेव्हा तिकीट देणाऱ्याला ही दुचाकी धरावी की रिक्षा, हे कळेना. मी कुडाळच्या ताईंनी सांगितलेली व्याख्या ऐकवली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि रिक्षाचे तिकीट फाडले.

उजव्या वळणात गॅस सोडणे अजून हाताला बसलेले नाही. तिथे हात आधी ब्रेककडे जातो. ते सुटेपर्यंत घाट चढायचा नाही असे ठरवले आहे, आणि दिवाळीनंतर कोल्हापूरला जायचे आहे ते आम्ही एसटीने जाणार आहोत.